मेलेल्याच्या नावाचं नाणं

जुन्या घरात देवाच्या डब्यात कधीकधी चांदीची बारकी पावली निघते. वर फारसी अक्षरं. आपण म्हणतो, मोगलाची हाय. पण पुष्कळदा ती कंपनी सरकारनं पाडलेली असते. दुसरा शाह आलम बादशहा 1788 साली आंधळा केला गेला, 1803 ला दिल्ली इंग्रजांच्या हातात गेली, 1806 ला तो वारला. तरी 1835 पर्यंत कंपनी त्याच्याच नावानं नाणी पाडत राहिली. आपल्या पेशवाईतला अंकुशी रुपयाही बादशहाच्याच नावाचा.

मग हे नाणं खोटं म्हणायचं का? चांदी तर खरी होती. लोकांचा भरोसा त्या नावावर होता, कंपनीनं तो वापरला. जुनं नाव ठेवण्यात पाप नाही. त्या नावाआड कोण बसलंय, ते बघावं.

आमच्याकडं बाप जाऊन वीस वर्षं झाली तरी सातबारा बापाच्याच नावावर दिसतो. पोरं म्हणतात, बापाची आठवण हाय. आठवण असेलही. पण वारसनोंद केली की बहिणींची नावं लागतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मेलेला बाप हिस्सा मागत नाही. जिती बहीण मागू शकते.