सोडण्याची मुभा : गोलरक्षक केन ड्रायडन

केन ड्रायडन (१९४७–२०२५) यांची व्यावसायिक आइस हॉकीतली कारकीर्द जेमतेम आठ हंगामांची. तेवढ्यात मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या संघाने या खेळातला सर्वोच्च मानाचा स्टॅनली चषक सहा वेळा जिंकला आणि सहाही वेळा संघाचे गोलजाळे ड्रायडन सांभाळत होते. पण त्यांची कारकीर्द अभ्यासावी ती चषकांपेक्षा नकारांसाठी. भरात असताना किंवा संधी दाराशी आलेली असताना त्यांनी खेळाला तीनदा नाही म्हटले. हे बळ त्यांना शिक्षणाने दिले होते.

त्यांचा जन्म कॅनडातल्या हॅमिल्टनचा. बालपण टोरांटोजवळच्या इटोबिकोत गेले. वडिलांनी घरामागचे अंगण पक्के करून तिथे गोलजाळी उभारली होती. थोरला भाऊ डेव्ह गोलरक्षक होता. धाकट्यानेही तीच जागा धरली. या खेळात चेंडूऐवजी ‘पक’ नावाची घट्ट रबराची चकती असते. ती सुमारे १७० ग्रॅम वजनाची असते आणि फार उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. गोलजाळे सहा फूट रुंद आणि चार फूट उंच असते. ड्रायडन स्वतः सहा फूट चार इंच उंच होते.

१९६४ साली बॉस्टन ब्रुइन्स या व्यावसायिक संघाने त्यांची निवड केली आणि काही दिवसांतच त्यांचे हक्क मॉन्ट्रियलकडे गेले. त्या काळी व्यावसायिक हॉकीची वाट कॅनडातल्या ज्युनियर संघांतून जाई आणि त्या वाटेवर अनेकांचे शिक्षण मागे पडे. ड्रायडन यांनी ती वाट सोडून अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात प्रवेश घेतला. हा पहिला नकार. कॉर्नेलसाठी त्यांनी ७६ सामने जिंकले, चार गमावले, एक बरोबरीत सुटला. १९६७ मध्ये बॉस्टन विद्यापीठाला ४–१ असे हरवून कॉर्नेलने राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद मिळवले. १९६९ मध्ये ड्रायडन इतिहासाचे पदवीधर झाले.

पुढे मॅकगिल विद्यापीठात कायद्याचे शिक्षण चालू असतानाच मार्च १९७१ मध्ये ते कॅनेडियन्सकडून पहिला सामना खेळले. त्याच महिन्यातल्या एका सामन्यात समोरच्या बफेलो संघाचे गोलजाळे डेव्ह राखत होते. नियमित हंगामातले अवघे सहा सामने गाठीशी असलेल्या या विद्यार्थ्याला स्टॅनली चषकाच्या बाद फेरीत उभे करण्यात आले. समोर गतविजेता बॉस्टन ब्रुइन्स होता. त्या हंगामात ३९९ गोल करणारा. मॉन्ट्रियलने ती मालिका सात सामन्यांत जिंकली, अंतिम फेरीत शिकागोलाही नमवले आणि बाद फेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ करंडक ड्रायडन यांना मिळाला. उत्कृष्ट नवोदिताचा काल्डर करंडक मिळाला तो मात्र पुढच्या वर्षी. सहा सामन्यांचा हंगाम पदार्पणाचा हंगाम म्हणून धरलाच गेला नव्हता!

१९७२ मध्ये कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांच्यात आठ सामन्यांची मालिका झाली. पहिल्याच सामन्यात कॅनडाचा ७–३ असा पराभव झाला तेव्हा गोलरक्षक ड्रायडन होते. मॉस्कोतला निर्णायक आठवा सामना ६–५ असा जिंकला तेव्हाही तेच होते.

दुसरा नकार १९७३ सालचा. मानधनावरून मतभेद झाले आणि नुकताच चषक जिंकलेला हा गोलरक्षक टोरांटोतल्या एका वकिली कचेरीत उमेदवारी करू लागला. आदल्या हंगामात १८४ गोल खाणाऱ्या कॅनेडियन्सना त्यांच्याविना २४० गोल खावे लागले. वर्षभराने ते परतले. १९७६ ते १९७९ असे सलग चार चषक संघाने जिंकले. १९७६-७७ च्या हंगामात ८० पैकी केवळ आठ सामने गमावले. पक बराच वेळ प्रतिस्पर्ध्याच्या टोकाला असे. खेळ थांबला की ड्रायडन स्टिक उभी धरत, तिच्या टोकावर दोन्ही हात ठेवत आणि वर हनुवटी टेकवून पाहत राहत. त्यांची हीच मुद्रा लोकांच्या लक्षात राहिली.

१९७९ मध्ये, वयाच्या ३१व्या वर्षी, ते निवृत्त झाले. हा तिसरा नकार. नियमित हंगामांतल्या ३९७ सामन्यांत २५८ विजय, ५७ पराभव आणि एकही गोल होऊ न दिलेले ४६ सामने, असा त्यांचा हिशेब आहे.

उभे राहून पाहण्याची ती सवय पुढे लेखनात उतरली. ‘द गेम’ (१९८३) हे पुस्तक अखेरच्या हंगामातल्या काही दिवसांवर आहे. विजयांची जंत्री देण्याऐवजी ते प्रवास, ड्रेसिंग रूम आणि धास्ती यांविषयी बोलते. मुलांचा मोकळा खेळ आटून त्याची जागा वेळापत्रकाने घेतली, ही त्यातली चिंता आजही लागू आहे. ‘गेम चेंज’ (२०१७) मध्ये त्यांनी मेंदूच्या दुखापतींनी ग्रासलेल्या आणि ३५व्या वर्षी वारलेल्या स्टीव्ह मॉन्टाडोर या खेळाडूची कहाणी मांडली आणि डोक्यावरचा प्रत्येक आघात नियमबाह्य ठरवावा, अशी मागणी केली.

मधल्या काळात ते टोरांटो मेपल लीफ्स या हॉकी संघाचे अध्यक्ष झाले. २००४ मध्ये लिबरल पक्षातर्फे खासदार आणि पाठोपाठ सामाजिक विकासमंत्री झाले. बालसंगोपनासाठी त्यांनी दहाही प्रांतांशी करार केले. पण २००६ मध्ये आलेल्या नव्या सरकारने ते रद्द केले. २०११ मध्ये निवडणुकीतही ते हरले. राजकारणात त्यांना मैदानासारखे यश लाभले नाही.

व्यावसायिक खेळाडूची मोठी अडचण ही असते, की खेळ सुटला तर हाती काय उरणार, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून तो कमी मोबदल्यावर राबतो, दुखापत लपवतो, निवृत्ती लांबवतो. बहुतेकांसाठी शिक्षण असते ते अडीअडचणीची तजवीज म्हणून. ड्रायडन यांच्या बाबतीत ते खेळाच्या बरोबरीने चालले आणि त्यामुळे मालकाशी बोलताना त्यांच्यापाशी उठून जाण्याची मुभा राहिली. अर्थात, त्यांच्याएवढी गुणवत्ता नसलेल्याने वर्षभर संप केला असता, तर त्याला कोणी परत बोलावले असते का, हा प्रश्न उरतोच. पदवीने नकार देता आला. परतण्याचे दार उघडे ठेवले ते त्यांच्या खेळाने.