जामीन कोण राहणार?

आजचे वाचन: उत्पत्ती 43:1-14 आणि 44:18-34



आजच्या वाचनात एक शब्द आला आणि मी तिथंच थांबलो. तो शब्द म्हणजे जामीन. आपल्या वऱ्हाडात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सोसायटीचं कर्ज असो, मुलीच्या लग्नासाठी काढलेलं असो की मुलाच्या शिक्षणासाठी, पुष्कळदा जामीनदाराची सही लागते. माझे आबाजी म्हणायचे, "जामीन राह्यलं का आपलं वावर त्याच्या कागदावर ठेवलं समज. म्हून आंधी कागद वाच बाप्पा, मंग सही कर."

1904 साली आपल्या देशात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. तेव्हा खेड्यातल्या सोसायट्यांसाठी अमर्याद जबाबदारी हे तत्त्व होतं. एकाचं कर्ज बुडालं तर बाकीच्या सभासदांना भरावं लागायचं. गरीब शेतकऱ्याजवळ तारण ठेवायला फारसं काही नसायचं, पण त्याला ओळखणारे शेजारी त्याच्यासोबत उभे असायचे. त्या सोबतीवर पैसा मिळायचा. म्हणजे विश्वास हा नुसता बोलण्यावर मिळत नाही. बुडालं तर कुणाचं जाणार आहे, हे समोरचा आधी बघतो.

आता वचनाकडे येऊ. दुष्काळ पडला आहे. याकोबाच्या घरातलं धान्य संपलं आहे. मिसरातला अधिकारी म्हणतो, धाकट्याला आणल्याशिवाय माझ्यासमोर यायचं नाही. शिमोन तिकडे अडकला आहे आणि बाप बन्यामिनाला सोडायला तयार नाही. एक मुलगा त्यानं आधीच गमावलेला आहे.

अशा वेळी दोन भाऊ बापाला शब्द देतात. पहिला रऊबेन, सगळ्यात मोठा (42:37). तो म्हणतो, मी त्याला परत आणलं नाही तर माझ्या दोन मुलांना मारून टाका. ऐकायला शब्द किती मोठा आहे! पण याकोब सरळ नाही म्हणतो. मग यहूदा बोलतो (43:8-9). तो म्हणतो की मी त्याचा जामीन होतो, तुम्ही त्याला माझ्या हातून मागा, नाही आणला तर दोष कायम माझ्यावर. आणि बाप ऐकतो.

भूक वाढली होती म्हणून ऐकलं, हेही खरं आहे. पण दोघांच्या शब्दांतला फरक बघा. रऊबेनानं गहाण काय ठेवलं? स्वतःची मुलं. चूक झाली तर मरणार कोण? दुसरे. यहूदानं गहाण काय ठेवलं? स्वतःला.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. कंपनी पुण्याची, काम बहुतेक दिवस अमरावतीच्या घरून. सहा जणांच्या टीमचा मी लीड आहे. हा उतारा मी लहानपणापासून संडे स्कूलमध्ये ऐकत आलो, पण तो समजला गेल्या वर्षी, आणि ज्या रीतीनं समजला ती सांगायला मला लाज वाटते. तरी सांगतो.

टीममध्ये अकोल्याकडचा एक मुलगा नवीन लागला होता. पहिलीच नोकरी, सहा महिन्यांचं प्रोबेशन. वडिलांनी त्याच्या इंजिनिअरिंगसाठी कर्ज काढलेलं. मीटिंगमध्ये तो मला सर म्हणायचा आणि मीटिंग संपली की भाऊ. एका शुक्रवारी संध्याकाळी त्यानं बिलिंगचा बदल माझ्याकडे रिव्ह्यूला पाठवला. साडेतीनशे ओळी होत्या. मला बाहेर निघायची घाई होती. दोन मिनिटं वरवर नजर फिरवली आणि अप्रूव्ह केलं. एका ठिकाणी एक अट राहून गेली होती. रात्री ते प्रॉडक्शनवर गेलं आणि ग्राहकांना एकाच महिन्याची दोन-दोन बिलं गेली.

शनिवारी सकाळी क्लायंटचा कॉल. दहा-बारा जण होते. त्यांनी विचारलं, हे झालं कसं? सगळे म्यूटवर. मी अनम्यूट केलं आणि म्हणालो, "टीममधल्या एका नवीन मेंबरकडून चूक झाली आहे, आम्ही त्याच्याशी बोलतो आहोत."

वाक्य तपासलं तर त्यात खोटं काही नव्हतं. चूक त्याच्याकडून झालीच होती. पण दोन मिनिटांत अप्रूव्ह करणाऱ्याचं नाव त्या वाक्यात नव्हतं. मी रऊबेन झालो होतो. माझ्या शब्दासाठी मी दुसऱ्याचं लेकरू गहाण ठेवलं.

कॉल संपल्यावर त्याचा मेसेज आला. एवढाच, "भाऊ, मी तर तुम्हाला दाखवलं होतं." मी उत्तर दिलं नाही. सोमवारी मॅनेजरनं मला विचारलं की या मुलाला कन्फर्म करायचं का, तुझं मत काय. मी म्हणालो, विचार करून सांगतो.

तो आठवडा मी नेहमीसारखं सकाळचं वचन वाचत होतो, प्रार्थना करत होतो, आणि रोज त्या मेसेजवरून बोट पुढे सरकवत होतो. प्रियांनो, हे माझ्या ध्यानात आलं की भक्ती चालू असताना माणूस हेही करू शकतो. वाचन सुटत नाही, आणि मेसेजचं उत्तरही दिलं जात नाही.

मनात एक वकील सारखा बोलत होता. तो वचनातूनच बोलायचा. नीतिसूत्रे तर जामीन राहू नको म्हणून किती वेळा बजावतात! 6:1-5 बघा, 11:15 बघा, 17:18 बघा. अडकला असशील तर शिकाऱ्याच्या हातून हरिण सुटतं तसा सूट, असा सल्ला आहे. मग दुसऱ्याच्या चुकीचा भार मी का घ्यावा? प्रत्येकानं आपापलं बघावं, हेच शहाणपण नाही का?

मग यहूदानं मूर्खपणा केला का? यावर मी पुष्कळ दिवस विचार केला. नीतिसूत्रे ज्याला दटावतात तो माणूस कोण आहे? घाईनं शब्द देऊन बसलेला. कुणासाठी, कशासाठी, भरायला जवळ काय आहे, हे न बघता हातावर हात मारलेला. 22:26-27 मध्ये तर अंथरूण ओढून नेण्यापर्यंत गोष्ट येते, कारण भरायला काहीच नाही.

आणि मग मला दिसलं की तो माणूस मीच होतो. ते दोन मिनिटांत दाबलेलं अप्रूव्ह म्हणजे न वाचता केलेली जामीनदाराची सही होती. आबाजी जे सांगत होते तेच. मी दोन्ही बाजूंनी चुकलो होतो. आधी नीतिसूत्र्यांचं ऐकलं नाही आणि कागद न वाचता सही केली. नंतर यहूदाकडून शिकलो नाही आणि सही केल्यावर मागे सरलो. ही दोन वचनं एकमेकांच्या विरुद्ध नाहीत. एक सहीच्या आधीचं आहे, दुसरं सहीच्या नंतरचं. ज्याला लीड, मॅनेजर, हेडमास्तर, सुपरवायझर असं पद मिळालं, त्याची सही तर पदासोबतच झालेली असते. आता त्याच्या हातात एवढंच उरतं की कागद वाचायचा आणि वेळ आली की जागेवर उभं राहायचं.

आणखी एक गोष्ट बघा. यहूदा काही पहिल्यापासून भला माणूस नव्हता. योसेफाला विकायची कल्पना त्याचीच (37:26-28). वीस रुप्याच्या नाण्यांत भाऊ गेला. उलट रऊबेन त्या दिवशी योसेफाला वाचवू पाहत होता. पण पुढे मिसरात संकट आलं तेव्हा रऊबेन भावांना काय म्हणतो? मी तेव्हाच सांगितलं होतं, तुम्ही ऐकलं नाही (42:22). आपल्या ऑफिसात हे वाक्य किती वेळा ऐकू येतं! ते खरं असतं, पण त्यानं कुणाची सुटका होत नाही.

मग विकणारा यहूदा जामीन राहणारा यहूदा कसा झाला? मधे 38 वा अध्याय आहे. तामारेच्या प्रकरणात सगळ्यांसमोर त्याला कबूल करावं लागलं की ती माझ्यापेक्षा नीतिमान आहे, चूक माझी आहे (38:26). मला वाटतं, ज्याच्या तोंडून एकदा हे वाक्य निघालं, तोच पुढे दुसऱ्यासाठी उभा राहू शकला. 44:16 मध्ये प्याला बन्यामिनाच्या गोणीत सापडतो, पण यहूदा त्याच्याकडे बोट दाखवत नाही. देवानं आमचा दोष काढला आहे, असं म्हणतो. आणि 44:18 मध्ये तो पुढे होऊन अधिकाऱ्याच्या जवळ जातो.

आपल्या अमरावतीला असा एक माणूस होऊन गेला, तो ख्रिस्ती नव्हता, पण त्याच्यापासून मला शिकायला लाज वाटत नाही. माझ्या डिग्रीवर ज्यांचं नाव आहे ते गाडगेबाबा. जन्म 1876, शेंडगावचा. लहानपण मामाकडे, मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्याला. सावकाराच्या व्यवहारात मामाचं वावर गेलं, ते त्यांनी डोळ्यांनी बघितलं. 1905 मध्ये घर सोडलं. पुढे लोकांनी त्यांच्या शब्दावर पैसा दिला आणि पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथं धर्मशाळा उभ्या राहिल्या. लोकांनी एवढा विश्वास का ठेवला असेल? गावात आले की आधी हातात झाडू, मग कीर्तन. त्या धर्मशाळांवर स्वतःची मालकी ठेवली नाही, कारभार ट्रस्टकडे दिला. जवळ गाडगं, काठी आणि चिंध्या. 20 डिसेंबर 1956 ला वलगावजवळ देह ठेवला, तेव्हाही तेवढंच. माझ्यावर विश्वास ठेवा असं ज्याला म्हणावं लागत नाही, त्याचे हात लोकांना रिकामे दिसलेले असतात. नहेम्याही 12 वर्षं सुभेदार होता, पण सुभेदाराचा भत्ता त्यानं खाल्ला नाही (नहेम्या 5:14-15), कारण लोकांवर आधीच ओझं होतं.

शेवटी शुक्रवारी मी मेल लिहिला. मॅनेजरला आणि कॉलवर असलेल्या सगळ्यांना. बदल मी न वाचता अप्रूव्ह केला, रिव्ह्यूची जबाबदारी माझी होती, शनिवारी मी ते सांगितलं नाही. चार ओळी लिहायला दीड तास लागला. पाठवल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं, पण पोटात गोळा आला होता. त्या वर्षी माझं रेटिंग खाली आलं. मुलगा कन्फर्म झाला. मी त्याला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, "ठीक आहे सर." भाऊ म्हणाला नाही. चार महिन्यांनी त्यानं दुसरी टीम मागून घेतली. मी खुशीनं सोडलं, पण ते "सर" अजून ऐकू येतं. क्षमा मिळते, देव देतोच. पण माणसाचा विश्वास परत यायला वेळ लागतो, आणि तो मागून घेता येत नाही.

कुणी विचारेल, मग खालच्याची प्रत्येक चूक वरच्यानं झाकायची का? नाही. झाकणं म्हणजेही खोटंच. कुणी मुद्दाम फसवलं, चोरी केली, तर ते सांगावंच लागेल. जामीनदार कर्जदाराचं कर्ज लपवत नाही. तो एवढंच म्हणतो, की हिशेब उघडा ठेवा, आणि यात माझाही वाटा लिहा. आता मी एवढं करतो: न वाचता अप्रूव्ह करत नाही, उशीर झाला तरी चालेल. बाहेर बोलताना "टीमची चूक" म्हणण्याआधी माझं नाव घेतो. आणि त्या माणसाशी काय बोलायचं ते दार लावून बोलतो.

प्रियांनो, शेवटी हा शब्द आपल्याला प्रभूकडेच नेतो. इब्री 7:22 मध्ये येशूला उत्तम कराराचा जामीन म्हटलं आहे. यहूदाच्याच वंशात तो जन्मला. आपला कागद त्यानं वाचला होता. त्यात काय काय लिहिलं आहे हे त्याला पूर्ण ठाऊक होतं, तरी त्यानं सही केली आणि वधस्तंभावर ती पाळली. ज्याच्यासाठी असा जामीन उभा राहिला, त्यानं शनिवारच्या एका कॉलवर म्यूटवर राहावं हे शोभत नाही.

आज स्वतःला एक प्रश्न विचारू या. माझ्या हाताखाली जे आहेत, घरात, शाळेत, ऑफिसात, मंडळीत, त्यांना संकटात मी जवळ येताना दिसतो की मागे सरताना?

प्रार्थना: हे प्रभू येशू, तू आमचा जामीन झालास म्हणून तुझे आभार. घाईनं सही करणारे आणि वेळेवर मागे सरणारे आम्ही, आम्हाला क्षमा कर. ज्यांना आमच्या गप्प राहण्यानं दुखावलं त्यांना तू सांभाळ, त्यांच्या नोकरीवर आणि घरावर तुझा हात असू दे. आम्हाला आमची चूक आमच्या नावानं सांगायचं धैर्य दे. तुझ्याच नावानं मागतो. आमेन.