भाररेषा

रेवसला जाणाऱ्या लाँचमधून मुंबई बंदरांत नांगरलेलें एखादें मालवाहू जहाज अगदीं जवळून दिसलें, तर त्याच्या कुशीच्या मध्यभागीं एक वर्तुळ व त्यांतून आरपार गेलेली आडवी रेघ वाचकांच्या दृष्टीस पडेल. जहाज जेथवर पाण्यांत बुडालेलें असतें ती जलरेषा. ती मालाच्या चढउताराबरोबर वरखालीं होते. ही रंगविलेली रेघ म्हणजे भाररेषा. पाण्यानें तिच्यावर चढूं नये एवढाच तिचा अर्थ. एक आहे तें सांगते, दुसरी असावें तें. नीतिशास्त्राच्या वर्गांत हा भेद समजावून देण्यास आम्हांस अनेक तास लागतात.

या रेघेस इंग्लंडांत सॅम्युअल प्लिम्सॉल याचें नांव मिळालें. कल्पना मूळची त्याची नव्हे. जेम्स हॉल नांवाच्या एका जहाजमालकानेंच ती आधीं पुढें मांडली होती, आणि हें आम्हांस महत्त्वाचें वाटतें. सर्वच मालक निर्दय नव्हते. परंतु जो दयेनें माल कमी भरी त्याचें भाडें बुडे. जो गच्च भरी त्याचें जहाज बुडालें तरी विम्यामुळें त्याचें फारसें कांहीं बुडत नसे. बुडत ते खलाशी. अशा जहाजावर चढण्याचें नाकारलें तर त्यांस तुरुंगांत जावें लागे. १८७३ सालीं प्लिम्सॉलनें या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केलें. १८७५ च्या जुलैंत सरकारनें विधेयक बाजूस सारतांच भर पार्लमेंटांत त्याचा तोल सुटला व त्यानें मालकांस नराधम म्हटलें. मागाहून त्यानें क्षमा मागितली. पण लोकमत खवळलें तें त्या असभ्यतेमुळेंच.

१८७६ सालीं कायदा झाला, आणि तो मोठा गमतीचा होता. रेघ काढलीच पाहिजे असें ठरलें. ती कोठें काढावी हें मात्र मालकाच्या मर्जीवर राहिलें! एका कप्तानानें ती धुराड्यावर काढली अशी कथा सांगतात. १८९० सालीं कायद्यानें जागा ठरवून दिली. तोंपर्यंत, म्हणजे १४ वर्षें, रेघ होती आणि मर्यादा नव्हती. आपणां सुशिक्षित गृहस्थांची स्थिति याहून फारशी निराळी आहे काय? मर्यादा आपण सारेच मानतों. ती कोठें असावी हें ज्याचें तो ठरवितो.

यावर कोणी म्हणेल कीं, परिस्थितीप्रमाणें मर्यादा बदलावयाचीच. खरें आहे. वर्तुळाशेजारीं एक लहानशी शिडी काढलेली असते. उन्हाळा, हिवाळा, उष्ण कटिबंध, गोडें पाणी यांच्या रेघा तींत वेगवेगळ्या. समुद्राचें पाणी गोड्या पाण्याहून सुमारें अडीच टक्क्यांनीं जड. म्हणून तेंच जहाज तोच माल घेऊन नदींत अधिक बुडतें, आणि तेवढी सूट त्यास मिळते. लहान जहाजांस उत्तर अटलांटिकच्या हिवाळ्यासाठीं सर्वांत खालची रेघ असते. परंतु यांतील प्रत्येक फरक पाण्याकडे आणि ऋतूकडे पाहून केलेला आहे. मालाचा भाव चढला म्हणून रेघ वर न्यावी, असें चिन्ह त्या शिडींत कोठेंच नाहीं.

आम्ही स्वतः महाविद्यालयाच्या प्रवेशसमितीवर अनेक वर्षें होतों. वर्गाची मर्यादा ६० ठरलेली. दरवर्षीं ‘यंदाची गोष्ट निराळी’ असें म्हणून आम्हीं ती ८० वर नेली. निराळें कांहीं नव्हतें. फीचें उत्पन्न हवें होतें. त्या ठरावांवर आमची सही आहे. एका निरोपसमारंभाच्या दिवशीं शेवटच्या बांकावरील एका मुलानें हंसत हंसत आम्हांस सांगितलें कीं, सर, तुमचा आवाज आमच्यापर्यंत कधीं आलाच नाहीं. आम्ही पुढच्या मुलांच्या वह्या उतरून घेत होतों. त्यानें तें तक्रार म्हणून सांगितलें नव्हतें.