पूर्ववृत्त आणि कारण

जे आधी घडले तेच नंतरच्या घटनेचे कारण, असे मानण्याकडे मनुष्यबुद्धीचा स्वाभाविक कल असतो. परंतु नैयायिकांनी या कलाला फार पूर्वीच लगाम घातला आहे. ज्या गाढवाने माती वाहून आणली ते घटाचे कारण ठरत नाही, कारण त्याच्यावाचूनही घट निर्माण होतो. जे कार्यापूर्वी नियमाने असते आणि ज्यावाचून कार्य संभवतच नाही, त्यालाच कारण ही पदवी.

या विवेकाची खरी परीक्षा डेटाबेस सर्व्हर कोसळतो तेव्हा होते. समजा, १६ जीबी मेमरीच्या यंत्रावर मायएसक्यूएलचा बफर पूल वाढवून १४ जीबी केला, सर्व्हर विनातक्रार सुरू झाला आणि काही दिवसांनी ऐन कामाच्या वेळी बंद पडला. लिनक्सचा शिरस्ता असा, की मागितलेली मेमरी तो तत्काळ मंजूर करतो, पण प्रत्यक्ष ताबा एकेक पान वापरात येईल तसा देतो. म्हणून पूल भरेपर्यंत संकट दिसतच नाही. त्यातच सॉर्ट बफर कोणी २५६ केबीवरून १६ एमबीवर नेला असेल, तर १५१ कनेक्शनांनी एकाच वेळी क्रमवारीचे मोठे काम काढले असता आणखी सुमारे २.४ जीबी लागतात आणि बेरीज यंत्राच्या ऐपतीबाहेर जाते. तेव्हा कर्नल बहुधा सर्वांत अधिक मेमरी बाळगणाऱ्या प्रक्रियेचा बळी घेतो, मग अखेरची मागणी दुसऱ्याच कोणाची का असेना. आणि या मृत्यूची नोंद सर्व्हरच्या स्वतःच्या दप्तरात उमटत नाही, ती कर्नलच्या दप्तरातून काढावी लागते.

आता दोष कोणाचा? पूल, सॉर्ट बफर, कनेक्शनांची गर्दी, यांतील कोणीही एकटे पुरेसे नव्हते; सर्व मिळून कारणसामग्री पूर्ण झाली. तिच्यातील प्रत्येकाचा वाटा ठरवायचा तर अन्वय आणि व्यतिरेक यांचाच आश्रय घ्यावा लागतो: भार तोच ठेवून एकच मूल्य पूर्ववत करावे आणि कार्य टळते की नाही ते पाहावे. सारी मूल्ये एकदम मागे घेतली तर सर्व्हर उभा राहील, पण ज्ञान हाती लागणार नाही.

तथापि अशा प्रसंगी ज्याने अखेरचा बदल केला त्याच्यावर बोट रोखले जाते, आणि चौकशी तेथेच संपते. दोष ठेवणे म्हणजे कारण जाणल्याचा दावा करणे होय. म्हणून प्रमाणावाचून ठेवलेला दोष, तो दैवयोगाने खरा निघाला तरी, असत्य भाषणाच्याच कोटीत जातो.