काम पवित्र असेल तर सोडता का येत नाही?

'श्रमाला प्रतिष्ठा द्या' असं व्यासपीठावरून सांगणारे पुष्कळ झालेत. कुठलंच काम हलकं नसतं, म्हणे. मी नाहूरला मोटारसायकली दुरुस्त करतो. हात काळे करून पोट भरतो. तेव्हा या वाक्याचा हिशेब मागायचा हक्क मला आहे, आणि तो मी माझ्याच धंद्यातल्या एका वस्तूवर मांडणार आहे. ती वस्तू म्हणजे क्लच.

इंजिन फिरत असतं, त्याची ओढ चाकापर्यंत जाते. गिअर बदलायचा तर ती ओढ क्षणभर तोडावी लागते. लिव्हर दाबली की इंजिन वेगळं, चाक वेगळं. मग पाहिजे तो गिअर टाका. म्हणजे क्लच ही तोडण्याची सोय आहे. ओढीतून मोकळं होता येतं म्हणूनच गिअर बदलता येतो.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा क्लच केबलवर चालतो. हायाबुसासारख्या मोठ्या गाडीत केबलऐवजी ब्रेक ऑइल असतं. हँडलवर मास्टर सिलिंडर, खाली इंजिनाला स्लेव्ह सिलिंडर, मधे पाइप. नावं बघा: वरचा मालक, खालचा गुलाम! नावं ठेवणारे कोण होते ते सांगायला नको.

ऑइल दाबून लहान होत नाही, म्हणून वरचा दाब खाली पोचतो. पास्कलनं सतराव्या शतकात हा नियम मांडला. पण पाइपात हवा शिरली की खेळ खलास. हवा दबते. हाताला वाटतं, लिव्हर तर दाबली. खरं म्हणजे फक्त बुडबुडा लहान झालेला असतो. खाली काहीच सुटत नाही. क्लच धरूनही गाडी पुढं रेटते, न्यूट्रल सापडत नाही.

श्रमप्रतिष्ठेची भाषणं ही अशीच हवा आहे. वर दाबल्याचं समाधान, खाली माणूस अडकलेलाच.

आपल्या बापजाद्यांचं काम काय कमी पवित्र होतं? महारवतन तर मान म्हणून सांगितलं जायचं. गावाचा निरोप न्यायचा, मेलेलं ढोर ओढायचं, सरकारी माणसाची वेठ करायची. सोडायची सोय नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाविरुद्ध विधेयक आणलं ते म्हणूनच. वतन कायद्यानं मोडायला १९५८ साल उजाडलं. तीस वर्षं! ज्यांना ते काम इतकं मानाचं वाटत होतं त्यांच्यापैकी एकानं तरी मागून घेतलं का?

आणि दुसरी बाजू बघा. सोडता येत नव्हतं, तसं शिरताही येत नव्हतं. मुंबईच्या गिरण्यांत विणकामाच्या खात्यात आपल्या माणसांना मज्जाव होता. तुटलेल्या धाग्याला थुंकी लावावी लागे, आणि अस्पृश्याची थुंकी विटाळाची. पगार बरा तो त्याच खात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावलं, सगळी खाती खुली करायची मागणी घ्या, नाहीतर आमचे लोक संपात नाहीत. तेव्हा कुठं नाखुशीनं ती मागणी घेतली गेली. कामगार एकजुटीच्या पाइपातसुद्धा हवा होती, दोस्तांनो.

१९३६ साली त्यांनी लिहून ठेवलंय, जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. जन्मानं लादलेल्या कामात माणसाचं मन नसतं.

आता कुणी म्हणेल, कायदे झाले की. झाले. मैला वाहायला लावण्याविरुद्ध १९९३ चा झाला, २०१३ चा झाला. तरी गटारात माणसं गुदमरून मरतायत. लिव्हर दाबलीय, चाक सुटलेलं नाही.

मग हवा काढायची कशी? आधी गळका सील बदलायचा, नाहीतर काढलेली हवा पुन्हा शिरते. सील म्हणजे सवय: सफाईचं काम म्हटलं की ठरावीक वस्तीकडं बोट दाखवायची. मग वर ऑइल भरायचं. खालच्या सिलिंडरच्या निपलला नळी लावायची, तिचं टोक ऑइलच्या बाटलीत बुडवायचं. दोन माणसं लागतात. एक लिव्हर दाबून धरतो, दुसरा निपल पाव फेरा सैल करतो. बुडबुडे येतात. निपल बंद झाल्याशिवाय वरच्यानं लिव्हर सोडायची नाही, सोडली की हवा परत आत. पुन्हा दाब, पुन्हा धर. वरची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. वरच्याला खालचं दिसत नाही; खालचा 'बंद' म्हणेल तेव्हाच त्यानं हात काढायचा.

कायदा करून घेणारे, मोर्चा काढणारे आपण वर लिव्हरवर आहोत. गटारात उतरणारा खाली निपलजवळ आहे. तो 'झालं' म्हणत नाही तोवर झालं म्हणायचा अधिकार आपल्याला नाही.

'मग घाण काढायची कुणी?' हा सवाल हमखास येतो. विचारणाऱ्यानं एक गोष्ट आधीच ठरवलेली असते: तो स्वतः नाही. यंत्रं आणा, भरपूर दाम द्या, आणि सगळ्यांच्या पोरांना ते काम घेता-सोडता येऊ द्या. मग पवित्र म्हणा.

आपल्यातली शिकलेली पोरं हाताच्या कामालाच नाक मुरडतात, तेही मला पटत नाही. मी पाना हातात धरतो, कारण मला तो ठेवताही येतो. पान्याची इज्जत त्यात आहे, काळ्या हातात नाही. तेव्हा यापुढं कुणी श्रमाचं गाणं गायला लागला, तर त्याला एवढंच विचारा: हे काम ज्याचं आहे त्याला ते उद्या सकाळी सोडता येतं का?