राखण कोणत्या कणगीची?

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तेव्हा बीडच्या बाजाराला दोन रुपये ठाऊक होते. एक हाली, म्हणजे चारमिनाराचा छाप असलेला हैदराबाद संस्थानाचा रुपया. दुसरा कलदार, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचा. साधारणतः सात हालींचे सहा कलदार होत. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थानाची सत्ता संपली, पण हाली रुपया त्या दिवशी मेला नाही. काही वर्षे तो भारतीय रुपयाच्या सोबतीने चालला आणि १९५९ मध्ये कायमचा चलनातून गेला. ज्याच्या राज्यात ते नाणे पाडले गेले, त्याचे राज्य उरले नव्हते. तरीही ज्याच्या कनवटीला हाली होता, त्याला त्याचा मोबदला मिळण्याची सोय झाली. जुन्या सत्तेचा शब्द नव्या सत्तेने आपल्या शिरावर घेतला होता.

ही जुनी हकीकत आज आठवण्याचे कारण असे, की ज्याच्या पाठीशी शब्द देणारा कोणीच नाही असे एक चलन आता आपल्या मुलांच्या मोबाइलमध्ये येऊन बसले आहे. त्याला कोणी क्रिप्टो म्हणतात, कोणी आभासी चलन. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्या-मुंबईस गेलेली आपली मुले सुट्टीत घरी येतात, तेव्हा जेवताना बिटकॉइनचा विषय निघतो. वडीलधारी माणसे प्रथम विचारतात, “हे बेकायदा तर नाही ना?”

या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना अशा व्यवहारांपासून दूर राहण्याचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो ४ मार्च २०२० रोजी रद्द ठरवला. २०२२ च्या अर्थसंकल्पाने या चलनाच्या नफ्यावर ३० टक्के कर बसवला आणि एका व्यवहारातील तोटा दुसऱ्या व्यवहाराच्या नफ्यातून वजा करण्यास मनाई केली. म्हणजे बाळगण्यास बंदी नाही, आणि रुपयासारखी मान्यताही नाही. कायदा एवढेच सांगून थांबतो. त्यापुढचा प्रश्न विवेकाचा आहे: संगणकाच्या जोरावर मिळालेल्या या धनाला आपण कष्टाची कमाई म्हणावे काय?

त्यासाठी हे नाणे कसे जन्मते, ते पाहिले पाहिजे. बिटकॉइन ही मुळात एक वही आहे. कोणी कोणास किती दिले, याची नोंद तिच्यात होते, आणि तिची प्रत जगभरच्या हजारो संगणकांवर असते. साधारण दर दहा मिनिटांनी या वहीत एक नवे पान जोडले जाते. ते पान लिहिण्याचा मान मिळावा म्हणून असंख्य यंत्रे एक आकडा हुडकत असतात. त्या आकड्याला सूत्र नाही. अंदाज करायचा, चुकला की दुसरा करायचा, असे अब्जावधी वेळा. सापडणे महाकठीण, पण सापडलेला आकडा खरा की खोटा हे कोणीही क्षणात तपासू शकतो. ज्याला तो प्रथम सापडतो, त्याला नवी नाणी बक्षीस मिळतात. २००९ मध्ये हे बक्षीस ५० नाण्यांचे होते. सुमारे चार वर्षांनी ते निम्मे होत जाते, आणि एप्रिल २०२४ पासून ते सव्वातीन नाण्यांहूनही किंचित कमी, म्हणजे ३.१२५ आहे. एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या पुढे कधी जाणार नाहीत. या हुडकण्याला मायनिंग, म्हणजे खाणकाम म्हणतात, आणि सापडलेल्या आकड्याला कामाचा पुरावा.

कामाचा पुरावा म्हणजे काय, हे बीड जिल्ह्याला कोणी शिकवावे असे नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील लाखो माणसे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, ती कारखान्याच्या काट्यावर न्यायची. काट्यावरची वजनाची पावती हा त्यांच्या कामाचा पुरावा. आणि काटा मारणे या दोन शब्दांत केवढे दुःख साठलेले आहे, हे ऊस पिकवणारा आणि ऊस तोडणारा दोघेही जाणतात. बिटकॉइनच्या वहीचे चाहते म्हणतात, की आमच्या येथे काटा मारता येत नाही. पुरावा कोणीही तपासावा. हा त्यांचा दावा पोकळ नाही. कोणत्याही साहेबाच्या सहीवाचून जगभर चालणारा निर्दोष काटा ही माणसाच्या बुद्धीची थोर करामत आहे, आणि तिचे कौतुक करताना आम्ही हात आखडता घेणार नाही.

परंतु दोन्ही पुराव्यांत एक भेद आहे. फडात आणखी एक कोयता आला, तर आणखी ऊस तुटतो. बिटकॉइनच्या खाणीत आणखी एक यंत्र आले, तर आणखी नाणी निघत नाहीत. दर २,०१६ पानांनंतर, म्हणजे अदमासे दोन आठवड्यांनी, ही वही कोड्याची काठिण्यपातळी आपणहून बदलते. यंत्रे वाढली की कोडे अवघड होते. दहा मिनिटांना एक पान हा वेग कायम राहतो. जगाने दुप्पट वीज जाळली तरी पीक तेवढेच. माझे यंत्र जे मिळवते, तेवढा दुसऱ्याचा वाटा कमी होतो. कष्ट झाल्याचा पुरावा येथे निर्विवाद आहे. त्या कष्टाचा कोणाला उपयोग झाला, हे मात्र तो पुरावा सांगत नाही.

यावर जाणकार तरुण जे उत्तर देतो, तेही ऐकून घेतले पाहिजे. तो म्हणतो, “रात्री शेताची राखण करणारा तरी कुठे धान्य पिकवतो? तरी त्याला आपण मजुरी देतोच ना?” खोटी नोंद करू पाहणाऱ्याला साऱ्या यंत्रांपेक्षा अधिक वीज जाळावी लागेल, म्हणूनच वही सुरक्षित राहते, खाणकाम करणारा हा त्या वहीचा राखणदार आहे. युक्तिवाद योग्य आहे. राखण हे काम आहे, आणि प्रामाणिक राखणदाराची मजुरी हक्काची आहे. मात्र राखणदाराचे समर्थन त्याच्या जागरणात नसते. ते कणगीत असते. कणगीतले धान्य कोणाच्या तरी चुलीपर्यंत पोहोचणार असेल, तर रात्रभर जागण्याला अर्थ. कणगीला कधी हातच लावायचा नसेल, तर ती राखण कोणासाठी?

या जागरणाची किंमतही लहान नाही. केंब्रिज विद्यापीठात या विजेचा सातत्याने अंदाज घेतला जातो. त्यानुसार बिटकॉइनसाठी वर्षाला शंभर अब्ज युनिटांहून अधिक वीज खर्ची पडते. बीड जिल्ह्यातील परळीचे औष्णिक वीजकेंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. तेव्हापासून तरी येथील माणसाला ठाऊक आहे, की विजेच्या तारेच्या दुसऱ्या टोकाला कोळसा असतो आणि पाणी असते. बिल भरले म्हणजे वीज आपली झाली, हे हिशेबाने खरे. पण तहानलेल्या मुलखात एवढ्या हिशेबाने मन निवत नाही. शिवाय पहारा याहून स्वस्तात होऊ शकतो, हेही दिसून आले आहे. इथेरियम या दुसऱ्या मोठ्या चलनाने सप्टेंबर २०२२ मध्ये खाणकामाची रीतच सोडली, आणि त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला.

तेव्हा खणण्याचा न्याय खर्चात होतो, असे आमचे मत आहे. येथे एका हौशी माणसाचे उदाहरण बोलके आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात राहणाऱ्या लास्झलो हान्येच या संगणकतज्ज्ञाने घरच्या यंत्रावर बिटकॉइन खणले होते. मे २०१० मध्ये त्याने जाहीर केले, की मला कोणी दोन पिझ्झा आणून दिले, तर मी दहा हजार बिटकॉइन देईन. २२ मे रोजी सौदा पुरा झाला. त्या वेळी त्या नाण्यांची किंमत चाळीस डॉलरच्या आसपास होती. डिसेंबर २०२४ मध्ये एका बिटकॉइनने लाख डॉलरची मर्यादा ओलांडली. त्या दराने ते दोन पिझ्झा शंभर कोटी डॉलरचे झाले. लोक आजही त्याला हसतात. आम्हांला वाटते, त्या दिवशी शहाणपणाची गोष्ट त्यानेच केली. त्याच्या घरी जेवण आले. पिझ्झा पाठवणाऱ्याला त्याचा मोबदला मिळाला. आणि तोवर संगणकातली एक नोंद असलेली वस्तू दोन अनोळखी माणसांमध्ये पैसा ठरली. जो हसतो, त्याने पैसा म्हणजे साठवण्याची वस्तू असे आधीच धरून ठेवलेले असते.

आणि आज बहुतेकांनी तसेच धरले आहे. बीडच्या मोंढ्यात, अंबाजोगाईच्या औषधाच्या दुकानात किंवा माजलगावच्या आठवडी बाजारात बिटकॉइन देऊन काही घेण्याची रीत नाही. भाजीवालीसुद्धा मोबाइलवर पैसे घेते, पण ते रुपये असतात. कायद्याच्या दृष्टीने बिटकॉइन देऊन वस्तू घेणे म्हणजे मालमत्ता हस्तांतरित करणे. त्यावर कराचा हिशेब ठेवावा लागतो, आणि घरच्या खाणकामाच्या विजेचा वा यंत्राचा खर्च त्यातून वजा करता येत नाही. अशा स्थितीत आपल्याकडील हौशी तरुण नाणी घेतो ती खर्चण्यासाठी नव्हे, तर उद्या कोणीतरी अधिक भावाने घेईल म्हणून. तो उद्याचा घेणाराही परवाच्या घेणाऱ्याची वाट पाहतो. या रांगेत वस्तूची वा सेवेची गरज असलेला माणूस शेवटपर्यंत भेटला नाही, तर एकाचा नफा हा दुसऱ्याचा तोटाच असणार.

येथे कोणी म्हणेल, की माणसांच्या शब्दावर चालणाऱ्या संस्थांनी तरी आमचे काय भले केले? बीडमध्ये हा प्रश्न जखमेतून येतो. बीड येथे मुख्यालय असलेल्या ज्ञानराधा मल्टिस्टेट पतसंस्थेत लाखो लोकांनी ठेवी ठेवल्या होत्या. २०२३ च्या अखेरीस त्या परत मिळेनाशा झाल्या, २०२४ मध्ये अटकसत्र झाले, प्रकरण न्यायालयात गेले. मुलीच्या लग्नासाठी, म्हातारपणच्या औषधासाठी ठेवलेले पैसे ज्यांचे अडकले, त्यांना ‘कोणावर विश्वास ठेवण्याची गरजच नाही’ हे बिटकॉइनचे वचन किती गोड वाटत असेल, याची कल्पना करता येते. त्यांना अविश्वासाबद्दल बोल लावण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पण ते वचन वहीपुरते खरे आहे; वहीच्या दारापर्यंत जाताना माणसेच भेटतात. गेनबिटकॉइन या योजनेने सामान्यांना सांगितले, की खाणकाम आम्ही करू, तुम्ही बिटकॉइन गुंतवा. अठरा महिने दरमहा दहा टक्के परतावा घ्या. खाणीचा नियम ज्याला ठाऊक आहे, त्याला यातील विसंगती तेथेच दिसावी: २०१६ मध्ये खाणीचे बक्षीसच २५ वरून १२.५ वर आले. मग ठरावीक दहा टक्के येणार कोठून? तिचा प्रवर्तक अमित भारद्वाज याला २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये त्याचे निधन झाले, आणि तपास पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय बाजारमंचावरून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीस गेली आणि ग्राहकांचे व्यवहार थांबले. दोन्ही वेळा वहीतील नोंदी शाबूतच होत्या. बिटकॉइनच्या काट्यात खोट नव्हती. काट्यापर्यंत माल नेणाऱ्या गाडीचा भरवसा मात्र माणसावरच होता. विश्वासातून सुटका करून देणारे नाणे अजून कोणी पाडलेले नाही. फरक एवढाच, की पतसंस्थेच्या ठेवीदाराला दाद मागायला नाव आणि पत्ता तरी असतो. हाली रुपयाचा शब्द पाळणारे सरकार तरी होते. परदेशातील अदृश्य चोरापुढे तेही नाही.

म्हणून मुलांनी हे काही शिकूच नये, असे आम्ही म्हणत नाही. कुतूहल हा दोष नव्हे. ज्याला त्या वहीचे गणित समजून घ्यायचे आहे, त्याने आपल्या कमाईतील थोडकी रक्कम, जी बुडाली तरी घरात कोणाचे ताट रिते राहणार नाही अशी, त्यात घालून अनुभव घ्यावा, आणि कर प्रामाणिकपणे भरावा. पण जमीन विकून आलेला पैसा, शाळेची फी, आईची ठेव किंवा उसनवारी यांना त्याने हात लावू नये. शेजाऱ्याला आपल्या हाताखाली जोडून दलाली घेण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. स्वतःचे दहा हजार गमावणे हा धडा होऊ शकतो. दुसऱ्याचे दहा हजार त्याच्या भाबडेपणावर मिळवणे हे पाप आहे, मग त्याची नोंद कितीही अचूक वहीत झालेली असो.

घरातील तरुण उद्या असे यंत्र लावण्याची गोष्ट काढील, तेव्हा आई-वडिलांनी संगणक कळत नाही म्हणून गप्प बसण्याचे कारण नाही. या नाण्याने तू कोणाकडून काय घेणार आहेस, आणि ते देणाऱ्याच्या घरात त्यामुळे काय येणार आहे, एवढे त्यांनी शांतपणे विचारावे. त्याला उत्तर देता आले, तर त्याचे जागरण राखणदाराचे आहे. त्याला चहा करून द्यावा. उत्तर देता आले नाही, तर वीज अजून जळायची आहे, तोवरच पुन्हा विचार करायला त्याला चार दिवस मागून घ्यावेत.