जंतू आणि जन्म

‘जर्म’ हा इंग्रजी शब्द आपल्या घरांत औषधाच्या बाटलीवरून आणि साबणाच्या जाहिरातीवरून शिरला, आणि म्हणून तो ऐकताच आपल्या मनात रोगाची व मरणाची भीती उभी राहते. परंतु या शब्दाचे जुने दफ्तर उघडून पाहिले, तर त्यात रोगाची नोंद फार उशिराची आणि जन्माची नोंद सर्वांत आधीची आढळते. लॅटिनमध्ये ‘गेर्मेन’ म्हणजे कोंब, अंकुर, धुमारा. मूळच्या ‘गेन्-मेन्’ या रूपातील पहिल्या अनुनासिकाचा रकार होऊन हा शब्द सिद्ध झाला, जसा गाण्याच्या धातूपासून गीतवाचक ‘कार्मेन’ झाला, असे अनेक भाषाशास्त्रज्ञांचे मत आहे. आणि ते ग्राह्य धरले, तर रोमन शेतकऱ्याचा हा अंकुर आपल्या ‘जन्मन्’ या शब्दाचा सख्खा भाऊ ठरतो. धातू एक, प्रत्ययही एक. गव्हाच्या दाण्यातील जो अंश रुजतो त्याला, किंवा एखाद्या विचाराच्या पहिल्या स्फुरणाला, इंग्रजीत आजही ‘जर्म’च म्हणतात.

आपण या शब्दाला प्रतिशब्द म्हणून जो ‘जंतू’ योजला, तोही त्याच ‘जन्’ धातूचा. जो जन्माला आला तो जंतू, इतकाच त्याचा मूळ अर्थ. अमरसिंहाने आपल्या कोशात तो चेतन, जन्मी, शरीरी या शब्दांच्या पंक्तीला बसविला आहे. कठोपनिषदात ज्याच्या हृदयगुहेत आत्मा निहित आहे असे सांगितले तो जंतूच. आणि भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायात अज्ञानाने ज्ञान झाकले गेल्यामुळे जे मोह पावतात तेही जंतूच, म्हणजे तुम्ही आणि मी. असा हा सर्व जन्मवंतांना सामावून घेणारा शब्द मराठीत येता येता आक्रसला: लेकराच्या पोटात ‘जंत’ झाले, जखमेत ‘जंतू’ गेले, बाजारात ‘जंतुनाशक’ आले. एकाच धातूची दोन अपत्ये, एक टायबर नदीच्या काठी व दुसरे सप्तसिंधूंच्या प्रदेशात वाढलेले, शेवटी एकाच इस्पितळाच्या दारात येऊन भेटली.

युरोपात ही अर्थच्युती कशी घडली याचा दाखला मिळतो. वेरोना येथील वैद्य फ्राकास्तोरो याने १५४६ साली संसर्गावर ग्रंथ लिहिला आणि रोग पसरविणाऱ्या सूक्ष्म द्रव्याला ‘बीज’ या अर्थाचे नाव दिले. उपमा विचारपूर्वक केलेली होती. कारण रोगही पेरल्यासारखा पसरतो, थोड्याचा पुष्कळ होतो, आणि देवीच्या रोग्यापासून देवीच निघतात, पटकी निघत नाही, जसा जोंधळ्यापासून हरभरा उगवत नाही. पुढे १८६० च्या सुमारास फ्रेंच शास्त्रज्ञ पाश्चरने हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या काचपात्रांत द्रव उकळून ठेवला, हवेतील धूळ त्या वळणात अडकली, द्रव निर्मळ राहिला, आणि जीव आपोआप निपजत नाही, हवेतून येणाऱ्या बीजापासूनच निपजतो, हे त्याने सिद्ध केले. त्याच्या मुखी ‘जर्म’ हा शब्द तोवर बीजाचाच वाचक होता. जर्मन वैद्य कॉखने १८७६ साली काळपुळीच्या आणि १८८२ साली क्षयाच्या जंतूंविषयी निर्णायक पुरावा पुढे ठेवला, तेव्हापासून मात्र त्या बीजाला गुन्हेगाराची मुद्रा मिळाली.

आपल्याकडे रोगकारक सूक्ष्म जीवांसाठी ‘कृमी’ हा शब्द तयार होता. अथर्ववेदात दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या कृमींच्या नाशाची सूक्ते आहेत, आणि चरकाने आपल्या संहितेच्या विमानस्थानात रक्तातील काही कृमी सूक्ष्मतेमुळे दिसत नाहीत असे नमूद केले आहे. तो शब्द पोटातील किड्यांपुरता राखून आपण जन्मवाचक शब्द रोगाच्या हवाली केला, याचे मला मनापासून दुःख आहे.

बीजाविषयीचा आपल्या तत्त्वज्ञांचा प्रश्न निराळा आणि अधिक खोल होता. बी आधी की अंकुर आधी? कर्मामुळे देह आणि देहामुळे कर्म, ही साखळी अनादि आहे हे दाखविण्यासाठी शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात बीजांकुराचा आधार घेतला. परंतु त्यांच्याच परंपरेतील पूर्वाचार्य गौडपादांनी आपल्या कारिकांत, हा दृष्टांतच मुळात सिद्ध व्हायचा आहे, मग तो दुसऱ्याला काय सिद्ध करणार, अशी हरकत आधीच नोंदवून ठेवली होती. मला गौडपादांची ही हरकत फार मोलाची वाटते. पाश्चरच्या पात्रापाशीही ती तशीच उभी राहते: प्रत्येक बीज आधीच्या बीजातून, तर पहिले कोठून? छांदोग्य उपनिषदातील उद्दालकाने श्वेतकेतूला वडाचे फळ फोडायला लावले, मग त्यातील बी फोडायला लावले, आणि आत काही दिसत नाही असे मुलाने सांगितल्यावर, त्या न दिसणाऱ्या अणिम्यातूनच हा एवढा वटवृक्ष उभा आहे, हे त्याला समजाविले. उपनिषदांत सूक्ष्मदर्शकाचे शोध धुंडाळणाऱ्यांपैकी मी नाही. उद्दालक सत् शोधीत होता, कॉख कारण शोधीत होता; दोघांचा आदर राखायचा तर दोघांची गल्लत करता कामा नये.

मात्र एक प्रश्न टाळता येत नाही. जंतूच्या ठायी आत्मा आहे, तर प्लेगच्या जंतूचे काय? १८९६ साली मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने मृत्यू आला, आणि त्याच वर्षी १० जानेवारीला ओडेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ती लस उष्णतेने मारलेल्या प्लेगजंतूंचीच होती. रोग्याला वाचविण्यासाठी जंतू मारणे हे माझ्या मते निःसंशय कर्तव्य आहे, आणि ज्याने असे कर्तव्य केले त्याला अहिंसेच्या नावाने जाब विचारू नये. मात्र त्या मारण्यात द्वेषाला जागा नाही, कारण जो मारला जातो तोही जन्म घेऊन आलेला आहे.

हा द्वेष शब्दातून माणसांपर्यंत पोचतो. हाफकिन १९३० साली वारले, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत जर्मनीच्या सत्ताधाऱ्यांनी त्यांच्याच जमातीच्या माणसांना रोगजंतू म्हटले. पुढे त्या माणसांना मारण्यासाठी जो वायू वापरला, तो मुळात किडे व उवा मारण्यासाठी तयार केलेला होता. कोणत्याही जातीला, धर्माला किंवा वस्तीला ‘जंतू’ म्हणताना कोणी आढळला, तर वाचकांनी त्याला तेथल्या तेथे अडवावे, अशी माझी विनंती आहे. मुंबईत परळला ज्या संस्थेत प्लेगची लस तयार होत असे, तिला १९२५ पासून हाफकिन यांचे नाव आहे.